काळा पक्षी टिपताना आधी कोन, मग एक्स्पोजर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कावळा, कोतवाल, पाणकावळा यांच्यासारखे पक्षी फोटोत एकतर नुसता काळा डाग होऊन येतात, नाहीतर उजळवले की धुरकट राखाडी दिसतात. डोळा कुठे आहे तेही कळत नाही. फ्लॅश वापरायचा नाही. कोणी सांगतं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड वाढवायचा-घटवायचा आकडा) अधिक एक ठेवा, कोणी सांगतं उणे एक. मग ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, आणि ते कसं ते पुढे सांगतो. पण कॉम्पेन्सेशनचा आकडा हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की, पक्ष्याच्या अंगावर या क्षणी चमक आहे का? काळ्या पक्ष्याची गोलाई, पंखाचे थर, मानेची वळणं हे सगळं डोळ्यांना कळतं ते पिसांवरच्या चमकेमुळे. चमक नसेल तर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवूनही हाती उजळ डागच लागतो. चमक असेल तर अगदी साध्या मीटरिंगवरही, म्हणजे कॅमेऱ्याने मोजलेल्या उजेडावरही, पीस न् पीस सुटं दिसतं. फोटो पाठवून ‘यात काय चुकलं?’ असं लोक विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा एक्स्पोजर ठीकच असतं. उभं राहण्याची जागा चुकलेली असते.

असं का होतं ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचे निर्णय आपोआप सुचतात. पिवळ्या किंवा तपकिरी पिसावर पडलेला उजेड आत शिरतो, विखुरतो आणि सगळ्या दिशांनी बाहेर येतो. म्हणून हळद्या कुठूनही पाहिला तरी पिवळाच दिसतो. काळ्या पिसात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं, आणि आत शिरलेला जवळजवळ सगळा उजेड ते गिळून टाकतं. आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त पिसाच्या गुळगुळीत बाह्य थरावरून परावर्तित झालेला उजेड. हा थर केराटिनचा. त्याचा अपवर्तनांक साधारण १.५५ असल्यामुळे सरळ पडलेल्या उजेडापैकी चार-पाच टक्केच परत येतो. आणि तो आरशासारखा, एका ठरावीक दिशेने येतो. त्या दिशेला तुम्ही असाल तर पीस चकाकतं, नसाल तर ते काळंच राहतं.

पॉलिश केलेली काळी मोटार आठवून पाहा. तिच्या पत्र्याचा बाक आपल्याला कळतो तो त्यात पडलेल्या आकाशाच्या प्रतिबिंबावरून. कोतवालाच्या पाठीचंही तसंच आहे. त्याची पाठ म्हणजे वरच्या आकाशाचं अस्पष्ट प्रतिबिंब, पोट म्हणजे खालच्या जमिनीचं. त्यामुळे ‘पक्ष्यावर किती उजेड पडतोय’ याइतकंच ‘पक्ष्याच्या आजूबाजूला उजळ काय आहे’ हेही पाहावं लागतं. ओली वाळू, कोरडं गवत, पाण्याचा चकाकता पृष्ठभाग, पातळ ढगांनी भरलेलं आकाश यांपैकी काहीही काळ्या पक्ष्याला उजळ करू शकतं. दाट झाडीखाली बसलेल्या कोकिळाला यातलं काहीच मिळत नाही, म्हणून तो नर तिथे कायम कोळशासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट तिरप्या कोनाची. उजेड पिसावर जितका तिरका पडेल, तितकं परावर्तन वाढतं. बाजूने किंवा थोडं मागून ऊन आलं की काळ्या पक्ष्याच्या कडेला जी रुपेरी रेघ उमटते ती याचमुळे. रंगीत पक्ष्यासाठी ‘सूर्य पाठीशी ठेवा’ हा सल्ला ठीक आहे. काळ्यासाठी मी तो अर्धाच मानतो. सूर्य अगदी पाठीमागे असला, तर छातीच्या मधोमध चमकेचा लहानसा ठिपका येतो आणि बाकी अंग सपाट दिसतं. तुमची सावली पक्ष्याकडे रोखलेली असेल तर तिथून डावीकडे किंवा उजवीकडे सरकत जा, सूर्य तुमच्या खांद्याच्या बाजूला तीस ते चाळीस अंश येईपर्यंत. चमक पक्ष्याच्या एका अंगाला सरकते, दुसरी बाजू हळूहळू गडद होत जाते, आणि तेवढ्यात पक्ष्याला गोलाई येते.

हे पाहण्यासाठी कोतवालासारखा दुसरा पक्षी नाही. तो उघड्या फांदीवर किंवा खुंटावर बसतो, किडा धरायला झेपावतो आणि बऱ्याचदा त्याच जागी परत येतो. व्ह्यूफाइंडरमधून नुसतं पाहत राहा. समोर तोंड करून बसला की शाईचा डाग. मान वळवली की डोक्यावर निळसर झाक. अंग जरा तिरकं झालं की खांद्यापासून पंखाच्या टोकापर्यंत निळा-हिरवा पट्टा सरकत जातो, छातीवरची पिसं खवल्यांसारखी एकेक उठून दिसतात आणि पुढच्या क्षणी सगळं विझतं. बटण त्या पट्ट्यासाठी दाबायचं. पक्षी दिसला म्हणून पहिल्याच क्षणी सुरू केलेल्या मालिकेत तो पट्टा क्वचितच सापडतो. पक्षी परत येतोच आहे, तर दोन फेऱ्या नुसत्या पाहण्यात घालवाव्यात. कोणत्या कोनात झाक उमटते ते कळतं आणि तिसऱ्या फेरीला आपण तयार असतो.

ही निळी-हिरवी झाक म्हणजे वेगळं रंगद्रव्य नव्हे. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या कणांचे थर आणि त्यांवर केराटिनचा पातळ पापुद्रा असतो. वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग बळावतात, काही मावळतात. म्हणून कोन बदलला की रंगही बदलतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या पिसाऱ्यात याचं टोकाचं उदाहरण आहे. चुकीच्या बाजूने तो चिमूटभर काळोख, आणि योग्य बाजूने धातूसारखा जांभळा-निळा. उलट टोकाला काही स्वर्गीय पक्षी (बर्ड्स ऑफ पॅराडाइज) आहेत. २०१८ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या संशोधनात त्यांच्या अतिकाळ्या पिसांचं परावर्तन अवघं ०.०५ ते ०.३१ टक्के मोजलं गेलं. त्या पिसांचे सूक्ष्म तंतू सपाट न राहता वर वळलेले असतात. उजेड त्यांच्या कपारींत पुन्हा पुन्हा आपटून शोषला जातो. तिथे चमक शोधून उपयोगच नाही. कावळा, कोतवाल, पाणकावळा यांची पिसं तशी नाहीत, हे आपलं भाग्य.

आता उजेडाचा प्रकार. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन चांगलं हे सगळेच सांगतात, आणि इथेही ते खरं आहे. कारण सूर्य खाली असला की उजेड पक्ष्याच्या बाजूला, पोटाला आणि डोळ्यात पोचतो. माझी साधी खूण अशी: जमिनीवरची माझी सावली माझ्या उंचीच्या दुपटीहून लांब आहे तोवर काम करायचं. म्हणजे सूर्य सत्तावीस अंशांच्या खाली असतो. सावली आखडली की काळ्या पक्ष्याची पाठ पांढरी फटक आणि पोट अंधारात अशी विभागणी सुरू होते, आणि ती संगणकावर जुळवता येत नाही.

पण काळ्या पक्ष्यांसाठी माझी पहिली पसंती उन्हाला नाही, पातळ ढगांना. ढग इतके पातळ हवेत की जमिनीवर सावली अगदी पुसट पडावी. अशा वेळी अख्खं आकाश एकसारखं उजळ असतं आणि ते पाठीवर, डोक्यावर, पंखांवर रुंद, मऊ चमक होऊन उतरतं. पाणकावळ्याच्या खांद्यावरची पिसं अशा उजेडात पाहण्यासारखी असतात. मोठ्या पाणकावळ्याच्या प्रत्येक पिसाचा मधला भाग काशासारखा तपकिरी आणि कडा काळी असते. कडक उन्हात ही नक्षी चमकेखाली बुडते, ढगाळ उजेडात एकेक पीस रेखल्यासारखं दिसतं. त्याला पंख पसरून वाळवत बसायची सवय आहे, त्यामुळे वेळही भरपूर मिळतो. ढग फार दाट झाले की मात्र हा फायदा जातो. उजेड फक्त वरून येतो, पोट आणि डोळे बुडतात. तेव्हा पक्ष्याच्या खाली काहीतरी उजळ असेल अशी जागा निवडा, पाण्याकाठची किंवा वाळूवरची.

पोलरायझिंग फिल्टर काढून ठेवा. एरवी तो पानांवरची, पाण्यावरची चकाकी मारतो म्हणून उपयोगी पडतो. इथे आपल्याला हवी असलेली गोष्टच चकाकी आहे. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड जातो तो वेगळाच.

पार्श्वभूमीबद्दल माझं मत ठाम आहे. तारेवरचा कोतवाल आणि मागे पांढरं आकाश हा प्रसंग सोडून द्यावा. पांढऱ्या आकाशाचा उजेड लेन्समध्ये शिरून आतल्या काचांवर विखुरतो आणि चित्रातल्या काळ्या भागावर पातळ पडदा चढवतो. म्हणजे ज्या काळ्यात तपशील शोधायचा, तिथेच धुकं. वर पक्ष्याच्या कडांना जांभळट किनार येते ती निराळी. हूड लावणं आणि पुढची काच स्वच्छ ठेवणं याने थोडा फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे पक्ष्याच्या पातळीला येणं. बसून, झोपून, किंवा थोडी उंच जागा पकडून मागे गवत, पाणी, दूरची झाडी येईल असं पाहा. पार्श्वभूमी मध्यम टोनची आणि दूर असावी. पक्षी तिच्यापेक्षा गडद दिसायला हवा, पण कडेची चमक मात्र तिच्यापेक्षा उजळ. दोन्ही जुळलं की पक्षी पार्श्वभूमीपासून सुटतो. अगदी काळोखी पार्श्वभूमी फक्त मागून ऊन येत असेल तेव्हाच घ्यावी. तेव्हा ती रुपेरी रेघच सगळं चित्र सांभाळते. आणि सावलीचित्रच करायचं ठरवलं असेल तर पूर्ण करा. मान एका बाजूला, चोच स्पष्ट, शेपटीचा दुभंग दिसतोय, आणि पिसांतल्या तपशिलाची आशा सोडलेली.

आता तो अधिक-उण्याचा वाद. कॅमेऱ्याचा मीटर जे पाहतो ते मधल्या टोनवर आणून ठेवतो, म्हणजे साधारण अठरा टक्के परावर्तनाच्या आसपास. काळं पीस चार टक्क्यांच्या घरात. हा फरक दोन स्टॉपपेक्षा थोडा जास्त. म्हणून कावळ्याने चौकट भरली असेल किंवा स्पॉट मीटर (फक्त एका लहान जागेचा उजेड मोजणारा) थेट त्याच्या अंगावर ठेवला असेल, तर मीटर त्याला राखाडी करणार, आणि उणे दीड ते उणे दोन द्यावे लागणार. तोच कावळा लहान असेल आणि मागे पांढरं आकाश असेल, तर मीटर आकाशाला राखाडी करायला जाईल आणि कावळा काळोखात ढकलेल. तिथे अधिक दीड-दोन हवेत. मागे उन्हातलं हिरवं गवत असेल तर शून्य. ‘अधिक ठेवा’ सांगणाऱ्याने आकाश पाहिलेलं असतं, ‘उणे ठेवा’ सांगणाऱ्याने जवळून पक्षी. कॉम्पेन्सेशन पक्ष्याच्या रंगावर नव्हे, मीटरसमोर काय आलंय त्यावर ठरतं.

या धावपळीतून सुटायचा मार्ग म्हणजे मॅन्युअल, म्हणजे आकडे आपण स्वतः ठरवणं. पक्ष्यावर पडणारा उजेड मागची झाडी बदलली म्हणून बदलत नाही, मग एक्स्पोजर तरी का बदलावं? पक्षी ज्या उजेडात आहे त्याच उजेडातल्या गवतावर मीटर करा आणि आकडे बांधून टाका. गावकावळा असेल तर त्याच्या मानेचा राखाडी पट्टाही मधल्या टोनच्या जवळपास जातो, स्पॉट मीटर तिथे ठेवून पाहा. स्वच्छ उन्हात मीटरशिवायही काम भागतं: एफ १६ ला शटर एक भागिले आयएसओ हा जुना नियम. आयएसओ ४०० असेल तर एफ १६ ला १/४००, म्हणजेच एफ ८ ला १/१६०० सेकंद. काळ्या पक्ष्यासाठी मी तिथून दोन तृतीयांश स्टॉप वाढवून १/१००० वर येतो, आणि सूर्य जितका खाली तितका आणखी उजेड देतो. मॅन्युअलमध्ये आयएसओ ऑटो ठेवलात तर मात्र पार्श्वभूमीचा तोच गोंधळ मागच्या दाराने परत येतो, हे लक्षात ठेवा.

वाढवायचं ते का? रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, उजेडाची नोंद सरळ प्रमाणात होते. चौदा बिटांच्या फाइलमधल्या १६,३८४ पातळ्यांपैकी सगळ्यात वरच्या एका स्टॉपला निम्म्या, म्हणजे ८,१९२ जातात. त्याखालच्याला ४,०९६, आणि असंच निम्मं निम्मं. वरून पाचव्या स्टॉपला, जिथे काळी पिसं पडतात, तिथे ५१२ उरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजेड जितका कमी, तितका गोंगाट (नॉइज, चित्रातला दाणेदारपणा) तुलनेने जास्त. उजेड दुप्पट केला की माहिती आणि गोंगाट यांचं गुणोत्तर साधारण १.४ पटीने सुधारतं. म्हणून चौकटीत पांढरं काही फाटत (तपशील जाऊन कोरं होत) नसेल, तर एक्स्पोजर शक्य तितकं वर ठेवायचं आणि संगणकावर खाली आणायचं. हा वाढीव उजेड आयएसओ चढवून मिळत नाही. तो शटर किंवा अ‍ॅपर्चरमधून यायला हवा. स्थिर बसलेला कावळा, स्थिरीकरण असलेली लेन्स आणि १/२५० सेकंद. सहा-सात चौकटींची मालिका घेतली की एखादी धारदार निघतेच. बसलेल्या पक्ष्यावर १/२००० वापरणं म्हणजे पिसांतला तपशील उगाच सोडून देणं.

जेपेगमध्ये मुळात प्रत्येक रंगाला २५६ पातळ्या, आणि कॅमेऱ्याने कॉन्ट्रास्ट चढवताना त्यातल्या खालच्या दाबून टाकलेल्या. काळ्या पक्ष्यासाठी रॉ घ्याच. मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्रामही (गडद ते उजळ भागांचा आलेख) जेपेगवरूनच काढलेला असतो. म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवा, कॉन्ट्रास्ट कमी करा, म्हणजे तो रॉच्या जरा जवळ येईल. हिस्टोग्रामची डावी भिंत काळ्याने गच्च चिकटलेली नसावी, आणि फोटोत अति उजळल्याची खूण म्हणून लुकलुकणारं क्षेत्र नसावं. चोचीवर किंवा ओल्या पिसावर चार-दोन ठिपके लुकलुकले तर काळजी नको. ते सूर्याचं थेट प्रतिबिंब आहे, तिथे तपशील नसतोच.

पांढरा आणि काळा शेजारी आले की लोक घाबरतात, त्याचं कारण नाही. बगळा आणि पाणकावळा एकाच उन्हात बसलेत असं धरा. पांढरं पीस नव्वद टक्के उजेड परत करतं, काळं चार. हा फरक साडेचार स्टॉपचा आहे आणि आजच्या कुठल्याही सेन्सरला तो सहज पेलतो. बगळ्याचा पांढरा रंग फाटणार नाही इतकंच पाहून एक्स्पोजर बांधा, पाणकावळा त्याच आकड्यांत नीट येतो. दयाळाच्या पंखावरचा पांढरा पट्टा, चिरकाच्या खांद्यावरचा पांढरा ठिपका, वारकऱ्याचं पांढरं कपाळ यांनाही हेच लागू. ज्या कॅमेऱ्यात हायलाइटला जपणारं मीटरिंग आहे, तिथे या पक्ष्यांसाठी ते वापरावं. सेन्सरची खरी कसोटी पांढऱ्या-काळ्यात नाही, एकाच काळ्या पक्ष्याच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या बाजूंत लागते. तो प्रश्न पुन्हा कोनाचाच.

डोळ्याकडे वळू. कोतवाल, कोकीळ नर, वारकरी यांचे डोळे तांबडे असतात, तिथे निम्मं काम निसर्गानेच केलंय. गावकावळ्याचा डोळा गडद, आणि आजूबाजूला काळी पिसं. त्यात उजेडाचा ठिपका नसेल तर डोळा असून नसल्यासारखा. हा ठिपका म्हणजे डोळ्याच्या गोलावर पडलेलं आकाशाचं किंवा सूर्याचं प्रतिबिंब, त्यामुळे तो मान कशी आहे यावर अवलंबून असतो. चोच सरळ बाजूला असताना तो बऱ्याचदा नसतो. मान तुमच्याकडे थोडी वळली आणि जरा वर उचलली की तो उमटतो. कावळा आवाजाच्या दिशेने सारखी मान हलवत असतो, तेव्हा वाट पाहायला हरकत नाही. मालिका मात्र छोट्या घ्या, कारण पापणीच्या आतला पांढुरका पडदा मधूनच डोळ्यावरून सरकतो आणि तेवढी चौकट आंधळी दिसते. हे फोटो लहान पडद्यावर ठीक वाटतात, घरी मोठे केले की कळतं.

फोकसला काळी छाती आवडत नाही, कारण त्याला कॉन्ट्रास्ट लागतो आणि तिथे तो नाही. पक्ष्याचा डोळा ओळखणारे नवे कॅमेरेही काळ्या डोक्यातला काळा डोळा कधी कधी चुकवतात आणि चोचीच्या टोकावर किंवा खांद्यावर जाऊन बसतात. अशा वेळी एकच लहान बिंदू निवडा आणि चोच जिथे डोक्याला मिळते तिथे ठेवा. ती जागा डोळ्याच्या पातळीला जवळ आहे आणि तिथे रंगाचा, पोताचा फरक असतो. चमकेचा पट्टा डोक्यावर असेल तर त्याची कडही उत्तम धरली जाते. बघा, चमक फोकसलाही उपयोगी पडते.

उडत्या काळ्या पक्ष्याबद्दल थोडक्यात. खालून दिसणारा पंख उजळतो तो जमिनीवरून वर येणाऱ्या उजेडाने. वाळू, बर्फ, सुकलेलं गवत किंवा उजळ पाणी खाली असेल तर पंखाखालची पिसं मोजता येतात, गर्द झाडीवरून जाणारा कावळा काळाच राहतो. दुसरी संधी वळणावर असते. पक्षी कलंडला की पंखांची वरची बाजू क्षणभर सूर्याकडे आणि तुमच्याकडे एकदम येते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरणारे पक्षी जिथे वळतात ती जागा हेरून ठेवा. कावळ्याला १/१६०० पुरतं, कोतवालाच्या कोलांट्यांना १/३२०० लागतं.

ऋतूचाही विचार करा. जुनी पिसं उन्हाने, घासण्याने विटतात, काळा रंग तपकिरीकडे झुकतो आणि चमक जाते. पीस नुकतंच बदललेला पक्षी आणि पीस गळायच्या बेतातला पक्षी यांच्या फोटोंत इतका फरक पडतो की दोन वेगळे पक्षी वाटावेत. एखाद्या पक्ष्याने चमक दिलीच नाही, तर कधी कधी दोष त्या पिसांच्या वयाचा असतो. काही पक्ष्यांची झळाळी विणीच्या काळात सगळ्यात चांगली असते, आणि नेमकं तेव्हाच घरट्याजवळ जायचं नसतं. पक्षी अन्न शोधतो त्या जागी बसा. कोतवाल डोक्यावरून झेपा घेऊ लागला तर तुम्ही त्याच्या घरट्याच्या हद्दीत आहात, लगेच मागे फिरा.

संगणकावर पहिली चूक होते ती सगळ्या सावल्या एकदम उचलण्याची. त्याने पक्षी राखाडी होतो, गोंगाट वर येतो आणि चमक-काळोख यांतला फरक मरतो. माझा क्रम असा: आधी गोंगाट कमी करायचा, मग मूळ एक्स्पोजर खाली आणून काळा पक्षी काळा करायचा, मग फक्त पक्ष्याचा मास्क काढून त्यात शॅडो वीस ते पस्तीसपर्यंत उचलायच्या आणि लगेच ब्लॅक्स थोडे खाली ओढायचे. पंखाच्या बेचक्यात, पायांच्या मध्ये कुठेतरी खरा काळा हवाच. २५५ च्या मापाने बोलायचं तर अंगाचा मुख्य भाग २५ ते ५० च्या दरम्यान आणि चमकेचा पट्टा ९० ते १४० असा आला की मला पक्षी काळाही वाटतो आणि भरीवही. त्यानंतर बारीक ब्रश घेऊन जिथे चमक आधीच आहे तिथेच ती किंचित वाढवायची. नसलेल्या जागी रंगवायची नाही. पोत वाढवणारा स्लायडर हलक्या हाताने चालतो, क्लॅरिटी जास्त झाली की पिसं तारेसारखी दिसतात.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर काळ्या पिसावर लावू नका. त्या पिसात निळं आकाश किंवा हिरवी झाडी उमटलेली असते, ती तटस्थ करायला गेलात तर अख्खं चित्र पिवळं किंवा जांभळं होतं. फांदी, दगड, जमीन यांवरून रंग जुळवा आणि पाठीवरची निळाई राहू द्या, ती खरी आहे. फक्त खोल सावल्यांत जांभळट छटा दिसली तर ती गोंगाटाची असते. तिथली सॅच्युरेशन कमी करा.

पडदा फार उजळ ठेवून काम केलं की तयार फोटो इतरत्र काळवंडलेला दिसतो. पडद्याची उजळता १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवा. छापायचं असेल तर कागद आधी ठरवा. मॅट कागदाचा सर्वात गडद काळा चकचकीत कागदाइतका गडद नसतो, त्यामुळे खालच्या टोनांतले बारीक फरक त्यावर एकमेकांत मिसळतात. अशा कागदासाठी अंगाचा भाग मी पाच-दहा अंक वर घेतो आणि आधी फक्त पक्ष्याच्या पाठीचा हातभर तुकडा छापून खिडकीच्या उजेडात पाहतो. त्यात खवले दिसले की मगच पूर्ण प्रत काढायला देतो.